'बॉम्बे' रक्तगट आणि उत्परिवर्तनाची शिकवण

१९५२ साली मुंबईचे भेंडे, देशपांडे व भाटिया आणि इंग्लंडमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगुणाचे वर्णन केले. आनुवंशिकीच्या आपल्या अध्यापनात या शोधाला मानाचे स्थान आहे. परंतु तो ज्या रीतीने शिकविला जातो ती समाधानकारक नव्हे. जनुकांच्या परस्परक्रियेचे उदाहरण म्हणून फळ्यावर अप्रभावी 'एच'ची जोडी मांडावयाची, गुणोत्तर काढावयाचे आणि जाता जाता 'नात्यातील विवाहांमुळे हे उत्परिवर्तन घडते' असे सांगून मोकळे व्हावयाचे, हा प्रघातच पडला आहे. यातील शेवटचे विधान सर्वस्वी चूक आहे.

ते अक्षर म्हणजे डीएनएमध्ये नेमके काय, हे पाहिले की चूक उघड होते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी-१ या जनुकापासून बनणारे विकर पूर्वद्रव्याच्या शर्कराशृंखलेला फ्युकोज जोडते व त्यातून एच प्रतिजन सिद्ध होतो. त्याच्या अभावी ए व बी यांची जनुके शाबूत असूनही त्यांना काम करण्यास आधारच उरत नाही. भारतीय 'बॉम्बे' व्यक्तींत या जनुकाच्या ७२५ व्या स्थानी थायमीनच्या जागी ग्वानीन आढळते. त्यामुळे २४२ वे अमिनो आम्ल ल्युसीनऐवजी आर्जिनीन होते आणि विकर निकामी ठरते. शेजारचे एफयूटी-२ हे जनुक, ज्याच्यामुळे लाळेत एच द्रव्य येते, ते तर समूळ गळालेले असते. त्याच्या दोहो बाजूंच्या 'अलू' नामक सदृश अनुक्रमांचा चुकीचा संयोग होऊन मधला भाग निसटला.

म्हणजे एकाच गुणसूत्रावर दोन भिन्न जातींचे बदल आहेत. पहिला एका अक्षराचा आहे. प्रतिकृती होताना चुकीचे अक्षर जोडले गेले व दुरुस्ती करणाऱ्या विकरांच्या नजरेतून सुटले, की असा बदल कायम होतो. ऑक्सिडीकृत ग्वानीन ॲडेनीनसमोर बसल्यानेही नेमका असाच पालट होऊ शकतो. दुसरा बदल पुनःसंयोगाचा आहे. वधूवरांच्या नात्याचा यांपैकी कोणत्याही प्रक्रियेशी संबंध नाही.

हे दोन्ही बदल निरनिराळ्या कुटुंबांतील व्यक्तींत जोडीनेच सापडतात. प्रत्येक घरी ही जोडी नव्याने जुळून आली असे मानणे युक्तीला धरून नाही. एका प्राचीन पूर्वजाचे गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या वाटले गेले, हाच सरळ अर्थ. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हेच बदल मिळाले, तर तेथील इतर लोकांत एच दुर्बल होण्याचे कारण त्याच जनुकातील निराळे उत्परिवर्तन ठरले. तेव्हा फळ्यावरचे ते एक अक्षर वस्तुतः अनेक बदलांचे सामाईक नाव आहे. नात्यातील विवाह करतो ते इतकेच, की जुन्या गुणसूत्राच्या दोन प्रती एका अपत्यात एकत्र येण्याचा संभव वाढवितो.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ही माणसे निरोगी असतात ('बिघाड' हा आपला आवडता शब्द येथे फारसा शोभत नाही); धोका रक्त देताना असतो. ए व बी यांच्या प्रतिसीरमांनी त्यांच्या तांबड्या पेशी गोठत नाहीत, म्हणून त्यांची नोंद 'ओ' अशी होते. मात्र त्यांच्या सीरममधील एच-विरोधी प्रतिपिंड 'ओ' रक्ताच्या पेशीही फोडतात. रुग्णाचे सीरम 'ओ' पेशींशी तपासून पाहिले तरच हा भेद कळतो. परळच्या मोठ्या रुग्णालयात अशी नोंद सुधारेल; खरवई-बदलापूरकडील एखाद्या लहान प्रसूतिगृहात रात्री रक्तस्राव सुरू झाला, तर योग्य दाता शोधावयाचा कोठे? ज्याने उत्परिवर्तन त्या व्यक्तीतच नव्याने उद्भवले असे शिकले, तो भावंडांकडे वळणारच नाही. वस्तुतः आईबापांनी प्रत्येकी एक प्रत दिलेली असल्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि पहिली तपासणी त्यांचीच व्हावयास हवी.