नाव ठेवावं तर पांडूचं

बीडला आमच्या शेजारी एक जमादार राहत. अंगानं भक्कम, मिशा भरघोस आणि स्वभावानं इतके गरीब, की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा त्यांना जुमानत नसत. गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागून 'पांडू' म्हणायची. एकदा एका पोरानं चुकून तोंडावरच म्हटलं. जमादार रागावले नाहीत. मला म्हणाले, "मास्तर, पिच्चर दादांनी काढला, पैसे त्यांनी कमावले, अन् बोलणी आमाला. कामून?"

या 'कामून'पायी मी 'पांडू हवालदार' पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता तो जत्रेतल्या तंबूत, मातीत बसून. तेव्हा हसण्यापलीकडं काही सुचलं नव्हतं. या वेळी खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली, की माणूस समीक्षक होतो.

चित्रपट १९७५ सालचा. दादा कोंडक्यांनी दिग्दर्शित केलेला पहिलाच. पांडू ते स्वतः, पारू केळेवाली उषा चव्हाण आणि पांडूचा जोडीदार सखाराम हवालदार म्हणजे अशोक सराफ. हवालदारकी दादांना नवी नव्हती. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये त्यांनी हवालदारच रंगवला होता. पण तिथं भांडण कोतवालाच्या रिकाम्या जागेवरून होतं. इथं जागेचा प्रश्नच नाही. एक खातो, दुसरा खात नाही, एवढंच! वरच्या साहेबाचा जाच माणूस सोसतो; शेजारी बसून न खाणाऱ्याचा सोसवत नाही. आमच्या शाळेत घंटेसरशी वर्गावर जाणारे एक गुरुजी होते. आम्ही सगळे त्यांच्याशी फटकून असायचो. त्यांनी आमचं काही बिघडवलं नव्हतं. फक्त घड्याळाकडं बघायला लावलं होतं.

म्हणूनच सखाराम दुष्ट वाटत नाही, ओळखीचा वाटतो. सराफांनी तो असा निर्मळ चेहऱ्यानं उभा केलाय, की हप्ता म्हणजे सत्यनारायणाचा प्रसादच वाटावा. आपण पांडूच्या बाजूनं असतो आणि हसतो मात्र सखारामाबरोबर. चित्रपटाची खरी ताकद इथं आहे. द्व्यर्थी कोट्यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. माझी तक्रार वेगळी आहे. त्यात खाकी आहे, पण खाकीतला शीण नाही. महाशिवरात्रीला सारा जिल्हा परळीच्या वैजनाथाला तोंड करून उभा असतो. जमादार मात्र बंदोबस्तात, देवाकडं पाठ करून. हा शीण दादांसारख्या माणसानं दाखवला असता, तर हसता हसता घास अडकला असता.

आणि सगळ्यात मोठी गंमत प्रेक्षकांनी केली. हप्ता खाणाऱ्या सखारामाचं नाव कुणी पोलिसांना ठेवलं नाही. ठेवलं ते भोळ्या, सरळ पांडूचं. पुढं २०२१ साली दादांची आठवण जागवत नवा चित्रपट निघाला, त्याचंही नाव 'पांडू'च!

चित्रपट पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी जमादारांची समजूत घातली, "अहो जमादार, वाईट कशाला वाटून घेता? पांडू प्रामाणिक होता. तुम्हाला कुणी सखाराम तर म्हणत नाही ना?"

जमादार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी खात नाही म्हून हसतेत व्हय?"

मला उत्तर सुचेना. शाळेची वेळ झाली होती. त्या दिवशी पहिल्या तासाला मी घंटेसरशी वर्गावर गेलो. पोरं हसली.