मुळशीचे पाणी, गिरणगावची वीज : दोन ग्रंथांचे एकत्रित वाचन

राजेंद्र व्होरा यांचा मुळशी सत्याग्रहावरील ‘द वर्ल्ड्स फर्स्ट अँटी-डॅम मूव्हमेंट’ (२००९) आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांचा गिरणगावाचा मौखिक इतिहास ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) हे ग्रंथ सहसा निरनिराळ्या कपाटांत ठेवले जातात. एक शेतकरी चळवळींच्या, दुसरा कामगार चळवळींच्या. वास्तविक दोहोंतील माणसे एकाच तारेच्या दोन टोकांना होती. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील वीजगृहे प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्या डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. भीमेच्या खोऱ्याकडे जाणारे पाणी सह्याद्रीत अडवून घाटाखाली सोडले गेले आणि परळ-लालबागच्या गिरण्यांची कोळशावरील भिस्त कमी झाली. आजच्या परिभाषेत हे ऊर्जा-संक्रमणच होय. २०१९ मध्ये केंद्र शासनाने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत गणल्यानंतर तर त्याविषयी शंका उरत नाही.

व्होरांच्या विवेचनाचे खरे मोल असे की, १९२१ च्या रामनवमीस आरंभ झालेल्या या लढ्याची त्यांनी निव्वळ वीरगाथा केली नाही. सेनापती बापटांचे शौर्य मान्य करूनही, ‘जान किंवा जमीन’ या घोषणेतील जमीन कोणाची, हा अडचणीचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. कसणारा मावळा आणि पुण्यात राहणारा सावकार यांचे हितसंबंध एक नव्हते. रास्त मोबदला मिळाला की सावकाराचा प्रश्न संपत होता. कसणाऱ्याचा तेथून सुरू होत होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला मालकी दिसत होती, उपजीविका दिसत नव्हती.

मात्र ग्रंथाचे शीर्षकच त्याला धरणविरोधी लढ्यांच्या मालिकेत बसवते, आणि येथे काहीतरी निसटते. हे धरण कालव्यांसाठी नव्हते, विजेसाठी होते. म्हणून त्याचे लाभक्षेत्र शिवारात नव्हे, गिरणगावात शोधावे लागते. हे लाभक्षेत्रही एकसंध नव्हते. १९११ च्या कायद्याने पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरवला होता. साचा कोळशावर चालो वा पाण्यावर, तो त्याच्यापुरता तेवढाच राहिला. वीज साच्याला आली म्हणजे चाळीतल्या खोलीला आली, असेही नव्हे.

मेनन-आडारकरांच्या ग्रंथाची मर्यादा निराळी आहे, आणि ती क्षम्यही आहे. मौखिक इतिहास स्मरणावर उभा असतो. खात्यात उभ्या असलेल्या माणसाला तार दिसते, तलाव दिसत नाही. तथापि ‘घाटी’ म्हणून हिणवला गेलेला कामगार आणि मावळातून येऊन मुंबईत डबे पोहोचवणारा माणूस याच डोंगरांच्या परिसरातले होते. हा दुवा दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या व त्यांच्या जागी मनोरे उठले. ज्या उद्योगाच्या नावाने मुळशीची गावे बुडाली, तो गेला. भिऱ्याची वीज मात्र मुंबईला अजूनही मिळते, आणि मुळशीची जमीन पाण्याखालीच आहे.