‘सुरक्षित मात्रा’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

आयनीकारक प्रारणाच्या जैव परिणामांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘सुरक्षित मात्रा’ हा प्रयोग इतका रुळला आहे की त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. ‘मात्रा’ हा शब्द वैद्याच्या खलातला. ती उगाळावी, चाटवावी आणि लागू पडावी, असा त्याचा संसार. त्यास ‘सुरक्षित’ हे विशेषण जोडले की वाचकापुढे औषधाचेच चित्र उभे राहते : ठरल्या प्रमाणापर्यंत निर्धास्त, त्यापुढे विष.

हे चित्र अर्धेच खरे आहे. त्वचा लाल होणे, केस गळणे, अस्थिमज्जा निकामी होणे हे परिणाम एका उंबरठ्यानंतरच दिसतात. सर्वांगावर एकदम सुमारे ४ ग्रे पडल्यास व उपचार न झाल्यास निम्मी माणसे दगावतात. कर्करोगाची गोष्ट निराळी. तेथे मात्रेबरोबर वाढते ती रोगाची तीव्रता नव्हे, तर त्याची संभाव्यता. १०० मिलिसीव्हर्टच्या खाली ही वाढ इतर कारणांच्या कर्करोगांतून निवडून काढणे दुष्कर असते. तरीही प्रारण-संरक्षणाचे शास्त्र ती मात्रेच्या प्रमाणात शून्यापर्यंत चालू राहते असे गृहीत धरते. हे सिद्ध झालेले सत्य नव्हे, सावधगिरीचे गृहीतक होय.

म्हणूनच मर्यादा बदलत आल्या. १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने दिवसाला ०.२ रंटगेन सह्य मानले. कामाचे दिवस धरता ते वर्षास स्थूलमानाने ५०० मिलिसीव्हर्ट भरते. १९७७ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी वार्षिक मर्यादा ५० होती, १९९० मध्ये पाच वर्षांची सरासरी २० ठरली. भारतातही सरासरी २० च असून कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर जाता येत नाही. मानवी देह या काळात तोच राहिला. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांविषयीचे ज्ञान वाढले, आणि समाज किती धोका पत्करण्यास राजी आहे याचा हिशेब बदलला.

सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षास १ मिलिसीव्हर्ट आहे, आणि निसर्गातून मिळणाऱ्या प्रारणाची जागतिक सरासरी २.४! पंढरपूर काळ्या बेसाल्टवर वसले आहे; त्यातील युरेनियम-थोरियम अल्प असल्याने जमिनीतून येणारे प्रारण केरळच्या मोनाझाइट वाळूच्या मानाने किरकोळच. तरी ‘सुरक्षित मात्रा’ शब्दशः घेणाऱ्याला चंद्रभागेच्या वाळवंटात उभा असलेला वारकरीही धोक्यात दिसेल. केरळात करुनागपल्ली येथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर अशा पार्श्वभूमीमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. १ मिलिसीव्हर्टची मर्यादा निसर्गास लागू नाही, वैद्यकीय उपचारासही नाही. ती माणसाने घातलेल्या भरीपुरती आहे.

याचा उलगडा सोलापूर जिल्ह्यातच होतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी किरणोपचार दिले जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून द्यावयाचे प्रारणच रोजच्या सुमारे २ ग्रेच्या हप्त्यांनी ४५ ते ५० ग्रेपर्यंत नेतात. भिंतीपलीकडच्या तंत्रज्ञास २० मिलिसीव्हर्टची मर्यादा, ओसरीवर बसलेल्या नातलगास १ ची. ‘सुरक्षितता’ हा देहाचा गुण असता तर तीन माणसांस तीन आकडे लागते ना. रुग्णेस रोगमुक्तीची आशा आहे, तंत्रज्ञाने बिल्ला लावून जाणतेपणी काम पत्करले आहे, नातलगास यांतले काहीच मिळत नाही. फरक आहे तो लाभाचा आणि संमतीचा.

शब्दाची चूक येथे महागात पडते. आपल्याला ‘सुरक्षित’ प्रमाणाच्या हजारो पट किरण देणार, असे ऐकून खेड्यातील बाई उपचार सोडून घरी परतली, तर तिला अडाणी ठरविण्याचा अधिकार हा शब्द घडविणाऱ्यांस नाही. ‘अनुज्ञेय मर्यादा’ हा जुना पर्याय रूक्ष खरा, परंतु परवानगी देणारा कोणी आहे एवढे तरी तो लपवीत नाही. गावोगाव रूढ झालेला ‘डोस’ही ‘मात्रे’हून बरा. आणि ‘सुरक्षित’ हे विशेषण तर तंत्रज्ञाच्याही हिताचे नाही. कारण नियम त्याला २० च्या आत राहून थांबण्यास सांगत नाही. वर्षअखेर बिल्ल्यावर ८ आले आणि वाजवी उपायांनी ते ५ वर आणता येत असले, तर ते ५ वर आणावयाचे असतात.