भांग-गांजा आयोगाचा अहवाल : एक परीक्षण

हिंदुस्थान सरकारनें इ. स. १८९३ सालीं नेमलेल्या भांग-गांजा आयोगाचा अहवाल १८९४ सालीं पुरा झाला. अबकारीचें रुक्ष दप्तर समजून संशोधक त्याची उपेक्षा करतात. आमच्या मतें साधनचिकित्सेचा पाठ म्हणून तो अवश्य वाचावा. मात्र वऱ्हाडापुरतें त्यावर सर्वस्वी विसंबूं नये.

अध्यक्ष मॅकवर्थ यंग व त्यांचे सहकारी यांनीं ११९३ साक्षी घेतल्या. त्याहून मोलाची आहे ती वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांची तपासणी. १८९२ सालच्या २२२ रोग्यांपुढें वेडाचें कारण भांग-गांजा असें लिहिलेलें होतें. मुळाशीं जाऊन पाहतां ९८ च उरले. रकाना रिकामा राहूं नये म्हणून लिहिलेलें कारण छापील कोष्टकांत सत्य होऊन बसलें होतें. बखरींतील आंकडे जसेच्या तसे उतरून घेणाऱ्यांनीं हें प्रकरण दोनदां वाचावें.

बंदी न घालतां लागवड, वखार व विक्री परवान्यानें आवरावी आणि कर घ्यावा, असा आयोगाचा निर्णय. परंतु साक्षी ठराविक प्रश्नावलीस धरून घेतलेल्या. सरकारनें जें विचारलें त्याचेंच उत्तर मिळालें. परवाना देणाऱ्याची बाजू येथें भरपूर आहे, घेणाऱ्याची फार थोडी.

ही उणीव पातूरसारख्या गांवीं भरून काढतां येईल. वऱ्हाड तेव्हां निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजी कारभाराखालीं होता. मध्यप्रांतास तो १९०३ सालीं जोडला गेला. गांजा कोणत्या रवान्यानें उतरे, परवान्यांत भागीदार कोण, उधारी कोणाकडे राही, शेख बाबूच्या उरुसांत खप किती वाढे, हें दुकानदाराची खातेवहीच सांगूं शकते.

१९८५ च्या केंद्रीय कायद्यानें वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांखेरीज गांजाचा व्यापार निषिद्ध केला. शेंड्यांवांचूनचीं पानें व बी मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवलीं. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस या अहवालांतील जुन्या भेदाची ओळख असल्यावांचून ही कायद्याची रेषा उमगत नाहीं.

व्यापार संपला, तसे त्याचे कागदही निरुपयोगी मानले जाऊन रद्दींत जातात. सनदा जपणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, वाड्यांतील दप्तर चाळतांना गांजाचा परवाना लाजेनें बाजूस टाकूं नये. तोही राज्य व रयत यांमधील करारच होय.