विश्वासराव आणि रिकामी खुर्ची

पानिपतावर विश्वासरावांना लागलेली ती गोळी चुकली असती तर? या प्रश्नावर आपल्याकडे किती चहा थंड झाले असतील, त्याची गणती नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत ती गोळी खरोखरच चुकविली. २० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. ज्यांनी ही कथा वाचली नसेल, त्यांनी या दिवाळीत ती अवश्य वाचावी. ज्यांनी वाचली असेल, त्यांनी तिच्यातल्या एका सनासाठी पुन्हा वाचावी.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका निराळ्याच जगात जाऊन पडतात. तेथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. मुंबई मात्र अजून इंग्रजांकडे. म्हणून पुण्याहून आलेल्या जिजामाता एक्सप्रेसमध्ये घाट उतरल्यावर प्रवाशांचे परवाने तपासले जातात. कल्याणकडच्या आम्हा वाचकांना तर हा रुळांवरचा प्रवास फारच मौजेचा वाटतो. पुढे टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पंत त्या जगाचा इतिहास वाचतात.

तो सन येथेच आहे. पानिपतावर अठरा वर्षांचे असलेले विश्वासराव कथेत पेशवे होतात ते १७८० साली! म्हणजे चुकलेल्या गोळीने त्यांना गादी दिली नाही, एकोणीस वर्षे दिली. वडील हयात, भाऊसाहेब पाठीशी, आणि चुका करून शिकायला भरपूर अवधी.

खऱ्या इतिहासाने एवढी उदारता दाखविली नाही. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब वारले आणि पुढच्याच महिन्यात सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले. बाहेर निजाम, घरात चुलता. १७६२ साली आळेगावच्या लढाईनंतर घरची दुफळी वाढू नये म्हणून हा मुलगा आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेला, आणि पुढल्याच वर्षी राक्षसभुवनावर त्याने निजामाला नमविले. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. मग गादी आली सतरा वर्षांच्या नारायणरावांकडे. वर्षही पुरे झाले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. एकाच घरातले हे दोघे भाऊ, वयेही जवळजवळ सारखी. एक तरला, एक बुडाला. वाचलेले विश्वासराव या दोघांपैकी कोणाच्या वाटेने गेले असते?

कथेविषयी माझी तक्रार आहे ती इथे. ही एकोणीस वर्षे म्हणजे एका कादंबरीचा ऐवज. नारळीकर ती एका वाक्यात ओलांडतात. खऱ्या इतिहासात पुतण्यांच्या वाटेत उभे राहिलेले दादासाहेब येथे गुपचूप निवृत्त होतात. पंत इतिहासग्रंथ चाळीत आहेत, तेव्हा संक्षेप ओघानेच आला, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. मोहन्यात मुलांना इतिहास शिकविताना मी पाहतो, की मुलांना गोळी फार आवडते. सारे अपयश एका गोळीवर ढकलले, की विचार करायचे काम उरत नाही. पोरसवदा वारसाला कारभार कोणी शिकविला, त्याची चूक कोणी पोटात घातली, दरडावून खरे कोणी सांगितले, हे प्रश्न अवघड आहेत. आणि ते राज्याइतकेच दुकानाचे, शेताचे आणि घराचेही आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वही मुलाच्या हाती देणारा बाप हे चांगले जाणतो.

मात्र कथेचा शेवट नारळीकरांनी फार मार्मिक केला आहे. आझाद मैदानावर व्याख्यान चालू आहे आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. अध्यक्षपदे भूषवून सरावलेले पंत ती रिकामी खुर्ची पाहून अस्वस्थ होतात आणि थेट व्यासपीठावर चढतात. श्रोते त्यांना चांगलाच प्रसाद देतात. या लोकांनी अध्यक्षांची प्रथा केव्हाच मोडून टाकलेली असते! पंतांचे स्वतःचे पानिपत होते ते असे. तरुण राज्यकर्ता उत्तम निघावा, ही प्रजेची इच्छा रास्तच आहे. पण खुर्ची रिकामी असतानाही जिची सभा शिस्तीत चालते, ती प्रजा कोणत्याही एका गोळीने हरत नाही. गंगाधरपंतांना हे उमगत नाही. वाचकाला उमगते, हे या कथेचे यश.