काळ्या आइसचा घाव

विल्यम गिब्सन यांची १९८४ सालची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी आम्हीं नुकतीच पुन्हां वाचली. संगणकांच्या जाळ्यांत शिरून चोरी करणारा केस हा तिचा नायक; आणि तेथील भांडारांभोंवतीं 'आइस' नांवाची तटबंदी. तिच्यांतील काळ्या जातीचें आइस घुसखोराला नुसतें अडवीत नाहीं, तर उलट फिरून त्याच्या मेंदूवरच घाव घालतें. ही कल्पना साध्या टंकलेखन-यंत्रावर लिहिणाऱ्या लेखकाला सुचली, याचें आम्हांस आजही कौतुक वाटतें.

परंतु या कल्पनेंत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. गिब्सन यांच्या सृष्टींत चोराचा मेंदूच जाळ्याला जोडलेला असतो; म्हणून घाव जेथें पडेल तेथें चोर असतोच. प्रत्यक्ष जाळ्यांत मात्र तारेच्या पलीकडे कोण आहे हें कळत नाहीं. निरोपावर प्रेषकाचा खोटा पत्ता घालतां येतो. आणि हल्ला पुष्कळदां तिसऱ्याच कोणाच्या, त्याच्या नकळत बळकावलेल्या यंत्रावरून येतो. अशा स्थितींत यंत्रानें माणसाला न विचारतां उलट प्रहार करावा, ही चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचीच सोय होय.

२००४ च्या अखेरीस लायकोस युरोप या कंपनीनें जाहिरातींच्या अनिष्ट टपालामागील संकेतस्थळांवर लोकांच्या संगणकांकरवीं भडिमार करविला. त्यांतील एकानें तो सरळ कंपनीच्याच दारीं वळविला! हा प्रकार हंसण्यावारी नेतां येतो. पण अमेरिकेच्या 'मॉन्स्टरमाइंड' या योजनेविषयीं एडवर्ड स्नोडेन यांनीं २०१४ सालीं जें सांगितलें तें तसें नाहीं. चीनमध्यें बसलेला कोणी रशियांतून हल्ला होत असल्याचा भास करवील, आणि उलट मारा होईल तो रशियांतील एखाद्या रुग्णालयावर, ही त्यांची भीति होती.

कादंबरींत डिक्सी फ्लॅटलाइन हें पात्र आम्हांस सर्वांत जिवंत वाटतें. काळ्या आइसचा घाव खाऊनही तो वांचला. त्याच्या मेंदूची रेघ तेव्हां सपाट झाली होती, म्हणून हें नांव. त्याच्या शेजारीं रात्रपाळीची एखादी परिचारिका, जिच्या रुग्णालयाचा संगणक चोरानें केवळ वाट म्हणून वापरला, गिब्सन यांना सुचली असती तर? कथेचा वेग कदाचित् मंदावला असता. पण आम्हीं तो आनंदानें सोसला असता.