'संमिश्र अनुभव' हे उत्तर नव्हे: मुरमांच्या एका जेलवरून पुरावा वाचायला शिकताना

मागच्या महिन्यातली गोष्ट. हॉस्टेलच्या मेसमध्ये एक ज्युनियर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गालांची कातडी सोललेली, हनुवटी लालभडक. म्हणाली, "ताई, अ‍ॅडापलीन सुरू करून साडेतीन आठवडे झाले. आधीपेक्षा जास्तच पिंपल्स आलेत. बंद करू का?"

मी काही बोलायच्या आत टेबलावरच्या बाकीच्या सुरू झाल्या.

पहिली म्हणाली, "अजिबात बंद करू नकोस. तिसऱ्या महिन्यात माझे गाल एकदम स्वच्छ झाले."
दुसरी: "मी दहा दिवसांत ट्यूब कचऱ्यात टाकली. नुसती आग व्हायची."
तिसरी: "मला ना फायदा ना तोटा. पैसे गेले फक्त."
चौथी: "मला तर आठवड्यात फरक पडला. पण बंद केलं की दुप्पट येतात."

ज्युनियरने चौघींकडे पाहिलं आणि निष्कर्ष काढला: "म्हणजे अनुभव संमिश्र आहेत."

हे ऐकून मला हसू आलं, कारण हेच वाक्य मी माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तीनदा लिहिलं होतं. 'या विषयावरील निष्कर्ष संमिश्र आहेत.' सरांनी तिन्ही ठिकाणी लाल गोल केला होता आणि समासात एकच ओळ लिहिली होती: मिश्र का आहेत, ते शोधणं हेच तुझं काम.

आजचा लेख त्या लाल गोलाबद्दल आहे. उदाहरण मुरमांच्या औषधाचं घेते, कारण ते आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात आहे. एक गोष्ट आधीच सांगते: माझी पीएचडी जैवरसायनशास्त्रातली आहे, मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. इथे उपचार शोधू नका, पुरावा कसा वाचायचा ते पाहा.

औषध नेमकं काय करतं?

रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन ए आणि त्याच्यासारखं काम करणारी रसायनं. मुरमाची सुरुवात डोळ्यांना दिसण्याच्या बरीच आधी होते. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मृत पेशी नीट गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात, तेल अडकतं आणि एक सूक्ष्म बूच तयार होतं. त्वचेतले रेटिनॉइक अ‍ॅसिडचे रिसेप्टर चालू करून रेटिनॉइड या पेशींची वाढ आणि गळण्याची पद्धत बदलतं. ट्रेटिनॉइन तिन्ही प्रकारच्या रिसेप्टरना चिकटतं; अ‍ॅडापलीन मुख्यतः बीटा आणि गॅमा या दोघांना.

थोडक्यात, हे औषध आज दिसणाऱ्या फोडापेक्षा पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्या फोडावर जास्त काम करतं. म्हणूनच चाचण्यांमध्ये परिणाम साधारण १२ आठवड्यांनी मोजतात. त्रास मात्र पहिल्या काही आठवड्यांत सर्वात जास्त असतो आणि नंतर बहुतेकांचा कमी होतो. तोटा आधी, फायदा नंतर. हा वेळेचा फरक डोक्यात ठेवा, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. दहाव्या दिवशी मत देणारी आणि नव्वदाव्या दिवशी मत देणारी, दोघी खरं बोलत असतात. पण त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात.

चार ट्यूब, चार गोष्टी

त्या रात्री मी चौघींना आपापल्या ट्यूब आणायला सांगितल्या. (हो, पीएचडी केल्यावर माणूस असा होतो.)

पहिलीच्या ट्यूबवर अ‍ॅडापलीनबरोबर क्लिंडामायसिनही होतं. हे अँटिबायोटिक आहे आणि असं मिश्रण आपल्याकडे सर्रास मिळतं. म्हणजे तिचे गाल स्वच्छ झाले ते कशामुळे, हे तिच्या अनुभवावरून सांगताच येत नाही. शिवाय तिने सुरुवात केली सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर, मुरमं सर्वात जास्त असताना. आपण सगळेच औषध सर्वात वाईट दिवशी सुरू करतो. मुरमं कमी-जास्त होत असतात, त्यामुळे सर्वात वाईट दिवसानंतर काहीही न करताही थोडं बरं वाटण्याची शक्यता असतेच. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. पुस्तकात ही संकल्पना वाचून मला कधी कळली नव्हती, पहिलीच्या गालांवरून कळली.

दुसरीने रोज रात्री तोंड धुतल्यावर लगेच, ओल्या चेहऱ्यावर, बोटभर जेल चोळलं होतं. वर दिवसाआड स्क्रब. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं आणि ते कोरड्या चेहऱ्यावर लावायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिची आग खरी होती. पण तो अनुभव औषधाचा जितका, तितकाच वापरण्याच्या पद्धतीचा.

तिसरीला कपाळावर आणि पाठीवर एकसारखे, बारीक, खाजणारे फोड होते. पुढे डॉक्टरांनी ते बुरशीमुळे आलेलं फॉलिक्युलायटिस असल्याचं सांगितलं आणि वेगळं औषध दिलं. तिला मुरमं नव्हतीच! जो आजार नाही त्यावर औषध चाललं नाही, हा औषधाच्या विरुद्धचा पुरावा होत नाही.

चौथीची ट्यूब पाहून मात्र मी गप्प झाले. ती घरी 'ट्रेटिनॉइन' म्हणत होती ती क्रीम म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते लालसरपणा आणि जळजळ पटकन दाबतं, म्हणून आठवड्यात 'फरक'. बंद केलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं, म्हणून 'दुप्पट'. पुन्हा लावायचं, पुन्हा बरं वाटायचं. चेहऱ्यावर महिनोन् महिने स्टेरॉइड लावल्याने कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, स्टेरॉइडमुळेच मुरमं येतात. गोरं होण्यासाठी अशा क्रीम मेडिकलमधून थेट घेऊन वापरणं ही आपल्या देशातली मोठी समस्या आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वेगळा कृतिगट नेमला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चौथीला तिची क्रीम तिच्या मावशीने सुचवली होती. मावशीचा अनुभव 'खूप छान' होता.

आता पुन्हा मोजा. एक मिश्रण, एक चुकीचा वापर, एक चुकीचं निदान, एक वेगळंच औषध. चार मतांपैकी निव्वळ अ‍ॅडापलीन मुरमांवर नीट वापरून दिलेलं मत एकही नाही. आणि आम्ही त्याची सरासरी काढून 'संमिश्र' म्हणून मोकळे झालो होतो.

सगळ्यात धोकादायक शब्द

आता माझी चूक. एमएस्सीत असताना मीही रेटिनॉइड वापरलं. तिसऱ्या आठवड्यात फोड वाढले, तेव्हा सगळ्यांनी एकच शब्द सांगितला: पर्जिंग. आतली घाण बाहेर पडतेय, थांबू नकोस. पेशींचा वेग वाढल्याने आतली बुचं लवकर वर येतात, ही कल्पना ऐकायला पटण्यासारखी आहे. मी पाच महिने थांबले नाही. तोंड धुताना पाणीही झोंबायचं. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की बरंचसं निव्वळ इरिटेशन होतं. मुरमं गेली, पण जिथे जिथे कातडी जळली तिथले काळे डाग जायला वर्ष लागलं.

'पर्जिंग' या स्पष्टीकरणातली खोट बघा. मुरमं कमी झाली तर औषध चाललं. वाढली तरी औषध चाललं, कारण पर्जिंग. मग औषध चाललं नाही असं म्हणायला नेमकं काय दिसावं लागेल? याचं उत्तर नसेल तर ते विधान तपासताच येत नाही. कार्ल पॉपरचा फॉल्सिफायेबिलिटीचा मुद्दा आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात पाच मार्कांसाठी पाठ करतो. मला तो चेहऱ्यावर पाच महिने वागवावा लागला.

तपासता येईल असं विधान असं दिसतं: 'फोड नेहमी येतात त्याच जागी येतील, आणि काही आठवड्यांत उतरणीला लागतील. नव्या जागी पुरळ आलं, खाज सुटली, सूज आली, किंवा ठरलेल्या मुदतीनंतरही वाढतच राहिलं, तर माझं म्हणणं चूक.' अट आधी लिहायची, निकाल नंतर पाहायचा.

मग चाचण्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा?

नाही. टीका एकाच बाजूला केली तर ती टीका होत नाही.

चाचणीची ताकद मोठी आहे. एका गटाला औषध असलेलं जेल, दुसऱ्याला व्हेइकल, म्हणजे तेच जेल पण औषध काढून. गंमत म्हणजे व्हेइकलवाल्यांचीही मुरमं कमी होतात. फरक मोजायचा तो या दोघांमधला, आधी आणि नंतरमधला नव्हे. काही चाचण्यांत चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर एक औषध आणि अर्ध्यावर दुसरं लावतात: तेच वय, तीच हार्मोन्स, तीच परीक्षा. आमच्या मेसच्या टेबलावर यातलं काहीच नव्हतं.

पण चाचणी काय मोजते तेही पाहा. फोडांची संख्या आणि डॉक्टरांनी दिलेली श्रेणी. लालसरपणा, कोरडेपणा, पापुद्रे, जळजळ यांनाही गुण असतात. पण सावळ्या त्वचेवर लालसरपणा कमी दिसतो, आणि आपल्याला सर्वात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे मागे राहणारे काळे डाग. मुरूम १५ दिवसांत जातं, डाग सहा महिने राहतो. १२ आठवड्यांच्या चाचणीत 'यशस्वी' ठरलेली मुलगी आरशासमोर स्वतःला यशस्वी म्हणेलच असं नाही. इथे तिचा अनुभव चुकीचा नसतो, आपली मोजपट्टी अपुरी असते.

आणि एक इतिहास विसरू नये. मुरमांवर ट्रेटिनॉइन आणण्याचं श्रेय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल्बर्ट क्लिगमन यांना जातं. १९६९ चा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर प्रसिद्ध आहे. याच क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०२१ मध्ये विद्यापीठाने आणि २०२२ मध्ये शहराने माफी मागितली. त्या माणसांच्या कातडीची निरीक्षणं नोंदवली गेली, पण त्यांना काय वाटतंय हे कोणी विचारलं नाही. म्हणून 'हा तर नुसता अनुभव, डेटा नव्हे' असं नाक मुरडण्याआधी मी आता थांबते. अनुभव हा निष्कर्ष नसतो हे खरं. पण कोणता प्रश्न विचारायचा राहिलाय, हे बहुतेक वेळा अनुभवच सांगतो. चौथीचं 'बंद केलं की दुप्पट' हे वाक्य नीट ऐकलं असतं तर ट्यूब न पाहताही शंका यायला हवी होती.

तुमच्या रिव्ह्यू चॅप्टरसाठी

'निष्कर्ष संमिश्र आहेत' असं लिहायचा मोह झाला की हे पाच प्रश्न विचारा:

१. सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? (चार ट्यूब आठवा. दुकानातलं रेटिनॉल सीरमही यात मिसळू नका. त्याचं आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड व्हावं लागतं.)
२. ज्यावर प्रयोग केला तो आजार किंवा ते सॅम्पल एकच आहे का?
३. मोजलं कधी? दहाव्या दिवशी की नव्वदाव्या?
४. तुलना कशाशी?
५. मध्येच सोडून गेलेल्यांचं काय झालं? चांगल्या चाचणीत सोडून गेलेलेही हिशेबात धरतात. गप्पांत फक्त खूप खूश आणि खूप चिडलेले उरतात.

एवढं केल्यावरही निष्कर्ष मिश्र राहिले, तर खुशाल तसं लिहा. तेव्हा ते वाक्य कमावलेलं असेल.

आणि त्या ज्युनियरचं?

मी तिला 'चालू ठेव' म्हटलं नाही आणि 'बंद कर'ही म्हटलं नाही. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिची ट्यूब निव्वळ अ‍ॅडापलीनची, ०.१ टक्का. डॉक्टरांनी एक रात्र सोडून लावायला सांगितलं, आधी मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. गरोदरपणात किंवा तसा विचार असेल तर हे औषध टाळायचं, हेही स्पष्ट सांगितलं. चौथीलाही मी तिच्यासोबत पाठवलं. तिची क्रीम आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटतेय, आणि ते सोपं जात नाहीये.

ज्युनियर दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढते. वहीत तिने आधीच लिहून ठेवलंय की १२ व्या आठवड्यात काय दिसलं तर 'चाललं' म्हणायचं आणि काय दिसलं तर 'नाही'. सध्या नववा आठवडा आहे. काल मेसमध्ये कोणीतरी विचारलं, "काय गं, फरक पडला का?"

ती म्हणाली, "अजून तीन आठवडे थांब. मग सांगते."